बोट पाचला

...आणि वर हा माझा मेहुणा मलाच विचारतो, "चेन्सू, दोस्त, यातलं तू काय काय पाहिलंयस?" सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाला दोस्त. मी म्हटलं, मी इथे राहतो, मी कशाला पाहू? हसू नका. तुम्ही सगळे होडीवाले, या धक्क्यावर जन्म काढलात, सांगा बरं, कोण वर चढलंय शेवटचं? समोर पाण्यापलीकडे व्हॅलेटा आहे, एवढं राजधानीचं शहर, ते कुठे पळून जात नाही, म्हणून आपण जात नाही. पण त्याच्याकडे यादी होती. नातीनं छापून दिलेली. 'हाती पाच तास असतील तर चुकवू नयेत अशी बारा ठिकाणं.' आणि बोट पाचला.

माझी बहीण कार्मेना. तुमच्यातल्या म्हाताऱ्यांना आठवत असेल, अठराव्या वर्षी ऑस्ट्रेलियाला गेली ती. त्या दिवशी आईनं सशाचा रस्सा केला होता, कार्मेना तीन घास जेवली, बंदरात बोटीचा भोंगा झाला, आणि पोरगी ताट तसंच टाकून उठली. आईनं त्या ताटावर दुसरं ताट उपडं घातलं आणि तीन दिवस कुणाला हात लावू दिला नाही. शेवटी वासानं घरात माणूस थांबेना, तेव्हा बापानं नेऊन समुद्रात टाकलं. त्याला पंचावन्न वर्षं झाली. आई जाताना मला एवढंच म्हणाली, "कार्मेना आली की आधी जेवू घाल. उभ्याउभ्या नाही. बसवून." बस्स. मोठं काही मागितलं का तिनं?

पण पोरगी यायची कशी? नवरा विमानात बसत नाही. केविन. सहा फूट उंच, मान बैलासारखी, आणि विमान नुसतं आभाळात दिसलं तरी छत्री उघडतो. म्हणून पंचावन्न वर्षांनी जगाला वळसा घालणाऱ्या बोटीतून आले, ती सकाळी अकराला धक्क्याला लागली. आणि बोट पाचला.

मी आदल्या दिवशी ससा लाल दारूत भिजत घातला होता, पहाटे चुलीवर चढवला, आईचं ताट फडताळातून काढून पुसलं. व्हॅलेटाच्या धक्क्यावर जाऊन उभा राहिलो. कार्मेना उतरली, माझ्या गळ्यात पडली, रडली, मी पण... ते जाऊ द्या. डोळे पुसून होतात न होतात तोच हा मध्ये, हातात पेन्सिल. "पहिलं ठिकाण, बाराची तोफ. चला, चला." मी म्हटलं, जेवण तयार आहे. कार्मेना म्हणते, "हो रे चेन्सू, एवढी तोफ बघू आणि जाऊ."

तोफ पाहिली. जन्मभर रोज ऐकतोय ती तोफ, बाराला एकदा, चारला एकदा, पण ती पाहायला एवढी माणसं कान झाकून उभी राहतात हे मला ठाऊक नव्हतं. पेन्सिलीची खूण. मग मोठं चर्च. दारातला पोरगा कार्मेनाला म्हणतो, "आजी, बुटांची टाच बारीक आहे, खालच्या फरशीला भोकं पडतील," आणि तिला कागदासारख्या सपाता दिल्या. खाली सगळी थडगी, त्यांच्यावरून चालायचं, आणि आतल्या खोलीत एका माणसाचं मुंडकं कापतानाचं काळंकुट्ट चित्र. केविन त्यापुढे वीस मिनिटं उभा. वीस. मी म्हटलं, कापून झालंय त्याचं, चला. मग राजवाडा. मग कुठलीशी सरळ गल्ली, सरळ आहे म्हणून पाहायची. मग लाकडी सज्जे. अहो, सज्जे. मावशीच्या घराला तसलाच आहे, त्यात ती कांदे सुकवायची. पायऱ्या चढ, पायऱ्या उतर, कार्मेनाचा गुडघा कुरकुरतोय, माझा तर बोलायचाच बंद झालाय, आणि पलीकडे बिर्गूत, माझ्या घरी, चुलीवर रस्सा आटतोय. अडीच वाजले, आठवं ठिकाण. आणि बोट पाचला.

"केविन," मी म्हटलं, "यादीत शेवटी काय आहे?" तो चष्मा लावून वाचतो, "बारावं ठिकाण, एखाद्या जुन्या होडीवाल्याच्या होडीतून बंदर ओलांडणे."

तुम्हाला सांगतो, पन्नास वर्षं मी साहेबांचे खलाशी नेले, दारूडे नेले, एकदा वऱ्हाड नेलं, पण कुणासाठी ठिकाण झालो नव्हतो. त्या दिवशी झालो. म्हटलं, जुना होडीवाला मीच, बसा, बारावं आत्ता उरका. फोटोसाठी टोपी घाल म्हणाला, घातली. वल्हं वर धर म्हणाला, धरलं. "दोस्त, जरा हस ना." तेवढं मात्र केलं नाही. पण अलीकडच्या काठाला आणलं दोघांना, साडेतीन उलटता दारात उभं केलं.

आता ऐका, मी लबाडी केली ती इथे. आमच्या गल्लीच्या टोकाच्या चर्चला दोन मनोरे, दोन घड्याळं, हे तुम्हाला काय सांगायचं. डावं चालतं. उजवं नुसतं रंगवलेलं, त्यात कायमचे सव्वातीन, सैतानाचा गोंधळ उडावा म्हणून. आत्मा न्यायला आला तर त्याला वेळ कळू नये. मी सकाळीच खिडकीची डावी झडप खिळा मारून बंद केली होती, चालतं घड्याळ दिसू नये म्हणून. कार्मेनाच्या मनगटावरचं घड्याळ तिकडच्या वेळेवर, नातवंडं कधी झोपतात ते कळावं म्हणून. फोन केविनकडे, आणि केविन बाहेर गल्लीत दारांच्या कड्यांचे फोटो काढतोय. ससा तो खात नाही. घरी पाळलाय म्हणे, नाव बेंजी.

बसवली तिला. आईच्या जागेवर. ताट वाढलं. पहिला घास घेतला, बोटं चाटली. मग म्हणाली, "तमालपत्र जास्त घातलंस."

"आई घालायची तेवढंच आहे."

"आईपण जास्तच घालायची." खिडकीकडे पाहिलं. "किती वाजले रे?"

"समोर बघ की."

"सव्वातीन. मग वेळ आहे," म्हणाली आणि पाव मोडला.

तेवढ्यात पलीकडून धडाम्. चारची तोफ. माझ्या हातातला डाव खाली पडला. "फटाके," मी म्हटलं. "जत्रेचे. या वर्षी लवकर सुरू केलेत."

"हो, फटाकेच," ती म्हणते. "अजून थोडा रस्सा वाढ."

वाढला. ती सावकाश जेवते, हाड चोखते, शेजारचा नाझू मेला का विचारते, त्याची बायको कुणाबरोबर गेली विचारते, आणि मी दाराकडे एक डोळा ठेवून घाम पुसतोय. जेवू घालायचं कबूल केलं होतं, बोट चुकवण्याचं नाही. चार घासांत संपेल असा माझा हिशेब होता. पण आता सांगू कसं? सांगितलं तर ती उठणार, ताट पुन्हा अर्धं. नाही सांगितलं तर... आणि बोट पाचला.

इतक्यात केविन आत, पेन्सिल नाचवत. "सापडलं, अकरावं ठिकाण! दोन घड्याळांचं चर्च. ऐका, यादीत काय लिहिलंय. 'उजवं घड्याळ रंगवलेलं असून ते कायम सव्वातीनच दाखवतं. सैतानाला फसवण्यासाठी.'" मग फोनमध्ये पाहिलं आणि बैलमान्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा. "कार्मेना. पावणेपाच."

मी खाली मान घातली. सैतानाच्या घड्याळानं भावानं बहिणीला फसवलं, याला तिच्याकडे आता छापील पुरावा होता.

पण ती बसलेलीच. पावाच्या तुकड्यानं ताट पुसत. "माहीत आहे," म्हणाली. "त्या घड्याळाखाली माझा बाप्तिस्मा झालाय. आणि चेन्सू, तोफेला फटाके म्हणणारा होडीवाला मी पहिल्यांदा पाहिला."

"मग उठली का नाहीस?"

"एकदा उठले होते," म्हणाली. "दुसऱ्यांदा नाही उठणार."

भोंगा झाला. केविन धावत धक्क्यावर, मी त्याच्यामागे, होडी सोडली, वल्हं मारलं, पण एवढी मोठी बोट एकदा वळली की वळली. केविननं हात हलवला. वरच्या लोकांना वाटलं निरोप देतोय, त्यांनीही हलवला. परतलो तर कार्मेनानं ताट धुऊन फळीवर पालथं ठेवलं होतं. चकचकीत.

आता केविन माझ्या बापाच्या सदऱ्यात आहे. कपडे, औषधं, दाढीचं सामान, सगळं बोटीवर गेलं. विमानात तो बसत नाही. सशाला हात लावत नाही, सकाळ-संध्याकाळ उकडलेली अंडी. आणि नातीनं नवी यादी पाठवलीय, 'बेटावर महिनाभर असाल तर चुकवू नयेत अशी साठ ठिकाणं.' आज सातवं. वर गल्लीत उभा आहे, दोस्त, दोस्त करतोय, हाक तुम्हालाही ऐकू येत असेल.

आईनं मुलीला जेवू घाल म्हणून सांगितलं होतं. जावयाबद्दल ती काही बोलली नव्हती.

उठतो. पुढची बोट अडतीस दिवसांनी आहे. तीही पाचला.