नाव सांग, म्हणजे जाईल!

…आणि वर मलाच म्हणतात, नाव सांग! अहो, कशाचं नाव सांगू? माझं नाव छाया, नवऱ्याचं राजेश, मुक्काम भिसेगाव, कर्जत… इथपर्यंत सगळं तोंडपाठ आहे हो, झोपेतून उठवून विचारा! पण हे जे मला झालंय त्याचं नाव काय, असं कुणी विचारलं की माझी दातखीळच बसते. आणि विचारतं कोण? सगळ्या! भाची फोन करून विचारते, सासू विचारायला लावते, आणि एकदा तर भगतानं विचारलं, समोर बसवून, ऊद पेटवून, सुपात तांदूळ घेऊन, भर दुपारी! नाव सांग, म्हणजे जाईल!

आता तुम्ही म्हणाल, बाईला झालंय तरी काय? सांगते, पहिल्यापासून सांगते, फक्त मध्ये बोलू नका, मला आधीच विषय सोडून पळायची खोड आहे.

मला स्कूटी शिकायची होती. झालं, एवढंच! राजेशची ड्युटी खालापूरला कंपनीत, आज फर्स्ट, उद्या नाईट, माणूस घरी असला तरी अर्धा झोपेत, मग बाजारहाट काय रिक्षावाल्यांच्या पाया पडून करायचा? तर आमच्याकडे भाग्यश्री म्हणून एक आहे, खोपोलीहून आलेली, आमच्याच चुलतदिराच्या चाळीत खोली घेऊन एकटी राहते आणि बायकांना स्कूटी शिकवते. उंच, मनगटावर गोंदलेलं, आणि आवाज असा की म्हैससुद्धा रस्ता सोडते. ती मला माझ्याच नव्या स्कूटीवरून पळसदरीला घेऊन गेली, धरणाकडच्या रस्त्याला, तिथं रहदारी नसते म्हणून. मी पुढे, ती मागे, माझ्या हातांवर तिचे हात. "घाबरू नको गं, मी हाय मागं," म्हणाली आणि हनुवटी टेकवली माझ्या खांद्यावर…

तुम्हाला सांगते, रस्ता कुठे गेला, ब्रेक कुठे गेला, मी कुठे गेले! गाडी थेट शेतात!

बरं, पडल्यावर माणसानं रडावं की नाही? मला हसू फुटलं. तीही हसतेय, मीही हसतेय, दोघी चिखलात म्हशींसारख्या लोळतोय, तिच्या कपाळाला चिखल, माझी चप्पल बांधापलीकडे… हसून हसून मी थांबले. तीही थांबली. आणि हसू चालूच! तिसरं. बारीक, पाण्यावरून सरकत आल्यासारखं. भाग्यश्री म्हणाली, "तू हसलीस का आत्ता?" मी म्हटलं, "मला वाटलं तूच." मागे वळून बघितलं तर उंबराखाली आसरांचे शेंदूर फासलेले सात दगड. आसरा म्हणजे पाण्यातल्या बायका, धरतात माणसाला, माहीत असेल तुम्हाला. ते दगड रस्त्याकडे तोंड करून असतात, येताना मी हात जोडले होते ना! आता सगळे आमच्याकडे तोंड करून. दगडाला कुठलं आलंय तोंड, म्हणाल… नसतंच. पण होतं.

घरी आले तरी माझं हसू थांबेना. भाकरी थापताना हसतेय, दळण निवडताना हसतेय, राजेशनं विचारलं, "काय गं?" तर त्याच्याकडे बघून आणखी हसतेय. आणि एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते, नवरा मला आवडतो हां! गैरसमज नको. त्याच्या अंगाला ड्युटीवरून आल्यावर जो ऑईलचा वास येतो ना, तोसुद्धा आवडतो. पण भाग्यश्रीचा हॉर्न वाजला की भाकरी तव्यावर टाकून मी दारात असते, तेही होतं. दोन्ही होतं. एकाला वाढलं म्हणून दुसऱ्याच्या ताटात कमी पडत नाही. मग हे काय आहे? याला काय म्हणतात?

चुकलं माझं, जावेला विचारलं. सुरेखा तिचं नाव. भांडी घासता घासता म्हणाली, "त्याला काय म्हणत नाय गं. बायकांचं असतंच असं. माझी पण एक होती, शाळेत, आम्ही एका ताटात जेवायचो, तिचं लग्न झालं तेव्हा मला ताप आला होता… पण माझं तसलं काय नव्हतं हां!" मग शेजारणीला सहज विचारलं, तर तिचीही एक होती! वरच्या आळीतल्या काकूंचीही एक होती! प्रत्येकीची एक होती, नाव घेताना प्रत्येकीचा आवाज खाली जात होता, आणि प्रत्येकीचं शेवटी एकच, माझं तसलं काय नव्हतं हां! अख्ख्या आळीत घरटी एक नाव नसलेली बाई राहतेय आणि कुणी तिला पाणीसुद्धा विचारत नाही!

मग रविवारी भाची आली शेलूहून, सुरभी, नणंदेची मुलगी, कॉलेजात आहे, मोबाईल हाताला चिकटलेला. ती म्हणाली, "मामी, सोप्पंय. मन तिकडे डोकावतं पण अजून नक्की कळलेलं नाही, तर बाय-क्युरियस. आणि बाई असो की पुरुष, दोन्हीकडे जीव जडू शकतो हे कळलंय, तर बायसेक्शुअल. तू कोण?" मी म्हटलं, "मी भाकऱ्या करतेय." "मामी, चेष्टा नको. नाव घेतलंस ना की ते तुझं होतं. मग भीती जाते." आता मला सांगा, दोन मुलं झाल्यावरही मन नुसतं डोकावतंच असेल तर त्याला कुतूहल म्हणायचं की मानेचं दुखणं?

भाग्यश्रीला विचारलं. तिनं हेल्मेटचा पट्टा सोडला, परत लावला. मग म्हणाली, "माझं नाव ठरलंय गं कधीचं. बायसेक्शुअल. खोपोलीला मालकिणीनं विचारलं, लग्न का नाय करत, तर मी खरं सांगितलं. महिन्याभरात खोली सोडायला लागली. तू तुझं काय ते ठरव, मला घाई नाय. पण मोठ्यानं नको बोलू. ही खोली मला आवडलीय."

बघा म्हणजे! सुरभी म्हणते नाव घेतलं की आपलं होतं, आणि हिनं नाव घेतलं तर हिचं बिऱ्हाड रस्त्यावर!

आणि सासू? सासूला तर विचारलंसुद्धा नव्हतं मी. सोनाबाई, माहेरच पळसदरीचं, तिनं माझं हसू ऐकलं आणि निकाल लावून टाकला. "हिला आसरा लागलीय. धरनावं गेलती ना त्या गाडीवालीसंगं? बंद ते शिकनं! आन त्या बाईला बी सांगते दुसरीकडं खोली बघ म्हनून!" माझं हसू जे बंद झालं ते तिथं. मी म्हटलं, आत्या, असं नका करू हो, तिचा काय दोष? तर म्हणाली, "मग चल भगताकडं. त्यो त्या आसरंला नाव इचारंल. नाव सांगितलं का जाती ती. गेली का मंग शिक गाडी."

आता जायचं कसं? भगताच्या वाडीपर्यंत रिक्षा येत नाही, राजेश ड्युटीवर… शेवटी सासू माझ्याच स्कूटीवर माझ्या मागे बसली! पुढे लाल अक्षरात एल लावलेला, मी कसंबसं हँडल धरलेलं आणि मागून सासूचा जप. जिच्यावरून लागलं तिच्यावरूनच उतरवायला निघालो!

भगताचं नाव बुधाजी. माणूस गरीब हो. म्हणाला, "आधी झाडाला छडी द्यायचो, आता कायदा आलाय, नुस्तं प्रेमानं इचारतो." झाड म्हणजे मी. ज्याला लागलंय त्याला झाड म्हणतात. बसवलं मला समोर, सासू शेजारी, ऊद पेटवला, सुपात तांदूळ फिरवले. बाहेर ऊन रणरणतंय आणि आत धुरानं काळोख. "बोल. कोन हाईस तू? कुठली? नाव सांग, म्हंजे जाशील."

खरं सांगू? मला जाऊ द्यायचंच नव्हतं! जन्मात पहिल्यांदा पोटातून हसले होते, ते कुणी काढून घ्यायला निघालंय आणि मीच दार उघडून देऊ? आणि बायसेक्शुअल म्हटलं असतं तरी बुधाजीला कुठलं गाव वाटलं असतं कुणास ठाऊक! मी दात आवळून बसले. तो विचारतोय, मी गप्प. परत विचारतोय, मी गप्प…

आणि टप.

टप… टप… मला वाटलं कौल गळतंय. पण एवढ्या उन्हात? खाली बघितलं तर शेणानं सारवलेल्या जमिनीवर ओल, आणि पाणी गळतंय सासूच्या पदरातून! कोरडी ठणठणीत बसली होती हो ही! डोळे मिटलेले, डोलतेय, आणि तोंडातून आवाज येतोय तो हिचा नाहीच, पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीचा… "सोने… ए सोने… पान्याला येतेस का गं?"

सोनी म्हणजे हीच! स्वतःलाच हाक मारतेय!

बुधाजीचे तांदूळ सांडले. तरी माणूस धंद्याला पक्का, सुपाशिवायच विचारलं, "कोन तू? नाव सांग!" आणि म्हातारी हसली. तेच हसू! शेतातलं, तिसरं! हसून म्हणाली, "चिंधी."

टपटप थांबली. बुधाजीनं घाम पुसला. "सुटली! नाव सांगितलं, गेली!" आणि सासूनं डोळे उघडले, इकडेतिकडे बघितलं आणि लहान पोरीसारखी हमसून रडायला लागली, "कशाला रं घालवलीस तिला? एवढी वर्सं सांभाळलीवती मी!" बुधाजी मला हळूच विचारतो, "अवो, झाड नक्की कोन व्हतं?"

येताना ती मागे बसली आणि आपणहून बोलायला लागली. मान वळवता येत नव्हती मला, म्हणूनच बोलली असेल. चिंधी तिच्या माहेराजवळच्या वाडीवरची. करवंदं घेऊन दारात यायची. दोघी पाण्याला जायच्या, आणि पाणी आणायला जेवढा वेळ लागतो त्याच्या चौपट लावायच्या. "माजं लगीन लागलं तवा मांडवाभायेर हुबी व्हती. जेव म्हनलं तर जेवली नाय. मंग भट्टीवं गेली इटा पाडाया आन तितंच तापानं मेली. मला पावसाळ्यात कळलं. सांगाया कुनी आलं नाय. येनार तरी कशाला? मी तिची कोन लागत व्हते?"

नाव सांगितलं की जातं, आणि नाव नसलं की मेल्याचा निरोपसुद्धा येत नाही! मग माणसानं करायचं तरी काय, सांगा ना! माझे डोळे भरले, समोरचा रस्ता दिसेना, मी म्हटलं, "आणि मामंजी?" तर पाठीत बुक्की बसली. "त्यांच्यावं जीव नव्हता व्हय माजा? चार पोरं काय हवंत झाली? दोनी व्हतं. दोनी."

धरणापाशी म्हणाली, थांबव. उतरली, आसरांसमोर पाण्याच्या कडेला उभी राहिली. आमच्याकडे म्हणतात, पाण्याकाठी कुणी हाक मारली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही, पहिल्या दोन माणसाच्या नसतात. म्हातारीनं हाक मारली, "चिंधे!" काही नाही. "ए चिंधे!" पाणी सपाट, पाखरूसुद्धा नाही. मी म्हटलं, आत्या, चला हो, ऊन लागेल. तिनं पदर खोचला आणि तिसऱ्यांदा हाक मारली.

"ओ!"

डोंगरानं आवाज परत दिला असता तर 'चिंधे' आलं असतं ना हो? 'ओ' आलं! स्वच्छ, जवळून! भूत झाली तरी बाईनं तिसऱ्या हाकेचा नियम पाळला! सासू काहीच झालं नाही अशी येऊन बसली, पण बसताना पुढे सरकली, अगदी मला चिकटून. "चल. सैपाकाचं बगायचंय." मी किल्ली फिरवली. गाडी उचलेना! मागचं चाक दबलेलं. आणि माझ्या मानेला गार, ओलसर वारा लागतोय, एकाच बाजूला.

नाक्यावर हवालदारांनी हात केला. "काय ताई, एल लावून ट्रिपल सीट?" मी मागे बघितलं. सासू. बस्स. सासूच्या मागे रिकामं. मी म्हटलं, "साहेब, दोघीच आहोत." ते म्हणाले, "मग ती शेवटी बसलीय ती कोण? तिचं नाव काय?" माझी पुन्हा दातखीळ! तेवढ्यात सासू पुढे वाकली आणि इतकं हळू बोलली, इतकं हळू, की मी तिला आयुष्यात तसं बोलताना ऐकलेलं नाही. "सायेब, नाव नका इचारू. आत्ताच आलीय. जाईल ती."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मागच्या सीटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "सावकाश जा तिघी," म्हणाले.

तेव्हापासून घरात शांतता आहे. भाग्यश्रीची खोली आहे तिथंच आहे, सासूनं चुलतदिराला स्वतः सांगितलं, "पोरगी कामाची हाय, ऱ्हाऊ दे. आमची सून आजून शिकतीय." गाडी मला कधीच यायला लागली हो, पण एल मी काढलेला नाही. सुरभीचा फोन येतो, मामी, ठरलं का, बाय की क्युरियस? तिच्या कानात सांगितलंय मी, पहिलं. मोठ्यानं विचारलंस तर शिकतेय म्हणेन. राजेशला एकदा सांगायचंय, त्याची झोप पुरी झाली की.

फक्त एक आहे. दर गुरुवारी सासू तयार होऊन गाडीपाशी उभी. धरणावर न्यायचं, तीन हाका होईपर्यंत थांबायचं आणि दबलेली गाडी घेऊन परत यायचं. भाग्यश्री बिचारी तिच्या गाडीवरून आमच्या मागे येते. परवा म्हणाली, "छाया, सासूबाईंचा अंबाडा ना गं? मग मागं वेणी कुणाची उडते?" मी म्हटलं, नाव नको विचारूस, समोर बघ.

आणि काय सांगू तुम्हाला… जिच्यासाठी गाडी शिकले, तिलाच बसायला माझ्या गाडीवर जागा नाही!