गुंडाळीचा शेवट

कागद नाही, कागद नाही — पपायरस. बघा, पहिलीच चूक तुमच्यासमोर! आठवी नापास माणूस रोमन लोकांवर बोलणार म्हटल्यावर आणखी काय होणार? हसा, गौरी मॅडम, हसा, पण मार्क कापू नका. पाण्यातल्या गवताच्या पट्ट्या, उभ्यावर आडव्या ठोकलेल्या — हे बरोबर आहे ना? इरशादभाई, माझा थोरला भाऊ, असंच सांगायचा. तो म्युझियमच्या या काचेपाशी तीन वर्षं ड्युटीला उभा होता, मी खाली गोदामात खोकी उतरवायचो. क्युरेटर बाई बोलायच्या ते हा ऐकायचा, आणि संध्याकाळी अल गराफा वस्तीतल्या आमच्या खोलीत मला पब्लिक समजून सगळं म्हणून दाखवायचा. मी फुकटचा पब्लिक, कांदा चिरणारा.

तर — हे लॅटिन. लांब गुंडाळी होती, त्यातला हा तुकडा. मजकूर रकान्यांत, भोवती एवढी जागा कोरी — पैसेवाल्यांची चैन. आणि शब्दांच्या मधे ठिपके, दिसले? पुढे ग्रीकांचं बघून यांनी ठिपके सोडले, सगळे शब्द चिकटवून लिहायला लागले. मी म्हटलं, भाई, म्हणजे माझ्यासारखे, दम न घेता! त्यानं चप्पल फेकली.

गुंडाळीची सुरुवात बाहेर, हात लागून लागून तीच आधी फाटते. शेवट आत, जपलेला. म्हणून पुस्तकाचं नाव शेवटी लिहायचे. माझं उलटं आहे, मॅडम — सुरुवात तोंडपाठ. इथवर आलं की मी म्हणायचो, यल्ला भाई, खलास, भात लाव. रोज. साहेबांना मात्र छाती ठोकून सांगितलं, मला सगळं येतं! — नाही, पगारासाठी नाही. गोदामाचं कॉन्ट्रॅक्ट या महिन्यात संपतंय. भाईची ही जागा मिळाली नाही तर परत गावी. भाईच्या मौतीचा चाळिसावा दिवस परवाच झाला, माती इथेच दिली त्याला. अम्मी दारातच विचारेल, त्याला कुणाजवळ ठेवून आलास? — हे लिहू नका, मॅडम. हे परीक्षेत नाही.

काय? ही? ओळीच्या टोकाची वाकडी खूण — हो, हो, सांगतो ना. ती म्हणजे... भाई तिथे बोट ठेवायचा, म्हणजे हवेतच, खोलीत काच कुठली! पेन खाली ठेवा जरा. आठवेल. तो म्हणायचा, आणि इथे, इलियास, फोन ठेव, इथे बघ —