खालून येणारा उजेड

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे संचालक साहेब, बचाव पथकातून आलेले पाहुणे, नकाशा विभागातले माझे सोबती, आणि तिसऱ्या रांगेत बसलेली माझी मुलगी व जावईबापू, सर्वांना माझा नमस्कार.

भाषण लिहून आणलं होतं, पण मोतीबिंदूमुळे अक्षर लागत नाही. तोंडीच बोलतो. शिक्षण सातवीपर्यंत, तेव्हा मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

साहेबांनी माझं फार कौतुक केलं. मी काय केलं? चाळीस वर्षं नकाशातल्या डोंगरांना पेन्सिलीने सावली दिली. आमच्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "उजेड कायम वरच्या डाव्या कोपऱ्यातून. सूर्य तिथे असतो का, हे विचारायचं नाही." मीही विचारलं नाही.

मग आपल्या शेडरबाई आल्या. शेडर म्हणजे, मला समजलं तेवढं सांगतो, पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याला किती उजेड द्यायचा ते ठरवणारा बारकासा प्रोग्राम. संगणकातल्या पृथ्वीवर बाईंनी खरं ऊन पाडलं. तारीख आणि वेळ घातली की सूर्य नेमका त्या जागी. समुद्र चकाकतो, संध्याकाळची कड लाल होत जाते. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. निवृत्त होताना असं काही पाहायला मिळावं, याहून मोठं भाग्य कोणतं?

पण मंडळी, मी घाबरलोय. अशा दिवशी हे बोलू नये, कळतं मला.

तीन आठवड्यांपूर्वी मी हिवाळ्यातली दुपार लावून पाहिली. सूर्य दक्षिणेला, म्हणजे पडद्यावर उजेड खालून. आणि नदीची दरी मला डोंगराच्या धारेसारखी वर आलेली दिसली. शेजारची धार खड्ड्यात गेलेली. डोळ्याला उजेड वरून येण्याची सवय; तो खालून आला की खोल ते उंच भासतं, उंच ते खोल. बाईंना सांगितलं, तर त्या हसल्या. "आजोबा, सूर्य तुमच्या पेन्सिलीला विचारून उगवणार का? गणित चोख आहे. डोळ्यांत थेंब घातलेत ना आज?"

गणित चोखच आहे. मोतीबिंदूही माझाच. म्हणून कॅन्टीनच्या मावशींना बोलावलं आणि पडद्यावर बोट ठेवलं. "मावशी, हे काय दिसतं?"

"डोंगर. एवढंही दिसेना झालं का तुम्हाला?"

बोट दरीवर होतं.

दोन दिवसांनी तपासणीचा कागद आला. 'उंचसखल भाग योग्य दिसतो', खाली माझ्या सहीची जागा. सगळे माझ्यावाचून खोळंबलेले. सातवी शिकलेल्याने इंजिनियरांपुढे तोंड उघडायचं कसं? जाता जाता शोभा कशाला करून घ्यायची? मी सही केली.

उद्या सकाळी ही पृथ्वी पथकाच्या हेलिकॉप्टरांत बसणार. ढग आले की वैमानिक त्या पडद्यावर बघून दरीतून वाट काढणार. आमचे जावईबापू त्यांतलेच. मुलीला मी घरी काही बोललो नाही. बघा, तिने तोंडाला पदर लावलाय. दुसऱ्या कुणाचा जावई असता तर मी आज बोललो असतो का? त्या उत्तराचीही मला भीती वाटते.

जावईबापू, बसा तुम्ही. संपवतोच. अध्यक्ष महोदय, उद्याचं थांबवा. वैमानिकांच्या पडद्यापुरता उजेड वरून, डावीकडून ठेवा, खोटा का असेना. खरं ऊन बाकीच्यांना पाहू द्या. आपण मान हलवलीत, पण ती हो म्हणून की वेळ झाली म्हणून, मला कळलं नाही.

बाई, तुम्ही कुठे निघालात? रागावलात का? काय म्हणता? मावशींना घेऊन वर, पडद्यापाशी, स्वतः पडताळून बघायला? जा, जा. मी थांबतो इथेच, कितीही वेळ लागू दे.

तोवर आभार मानून घेतो. आपण सर्वांनी मला सांभाळलंत, माझी किरकिर ऐकलीत, हे उपकार मोठे आहेत. इतक्या वर्षांत कुणाला उणंदुणं बोललो असेन, तर मनात ठेवू नका. एवढ्या सगळ्याला माफी असावी. त्या सहीला मात्र माफी नको, साहेब. कागद मागवा, मी ती आत्ता, तुमच्यासमोर खोडतो.