आमच्या वायफायमधला शालिकराम

नाही, तुम्हीच सांगा, घरात माणसं दोन, फोन दोन, एक टीव्ही, झाले तीन... अन् वायफायच्या यादीत नावं किती? अकरा! आता शंका येईन का नाही?

मी चंद्रभान, रिटायर माणूस, धंतोलीत हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत राहतो. पोट्टी मिनल मिहानमधल्या कंपनीत कॉम्प्युटरवाली, तिनंच ते यादी पाहाचं शिकवलं अन् तुम्हाले सांगतो, तवापासून माही झोप उडाली! फोन केला त म्हणे, "बाबा, पासवर्ड काय ठेवला?" म्हटलं, माही जन्मतारीख. "अहो बाबा, हे काय कुलूप झालं का? दाराले सुतळी बांधली तुम्ही!"

म्हणून बदलला. सोळा अक्षरी! मधात डॉलर, मधात टिंब... फक्त बायकोले, यमुनाले सांगितला, तेही कानात. दुसऱ्या दिवशी पाहतो त चौदा! कुलूप लावलं अन् चोर वाढले! आता शंका येईन का नाही?

गेलो समोरच्या गोपाळरावाकडं. "काय गा, नेट कसं चालून राहिलं?" म्हणे, "मस्त!" मस्त? आजकाल कोणाचं नेट मस्त चालते, सांगा! त्यानं बिचाऱ्यानं घरात नेऊन आपला वायफायचा डब्बा दाखवला, वरून च्या पाजला... तरी माही शंका जाईना!

मग यादी नीट वाचली. सारी नावं आडवीतिडवी, पण एक साफ... शालिकराम! घ्या, चोर सापडला, नावासकट! मेडिकलवाल्याले विचारलं, इस्त्रीवाल्याले विचारलं, गल्लीत शालिकराम कोणीच नाही! म्हणजे लपून राहिला ना! मंगळवारी बरोबर बारा वाजता तो यादीत आला अन् म्या दाबलं बटन... ब्लॉक! काय आनंद झाला म्हणता!

बुधवारी बाराले गॅलरीत उभा राहिलो. खाली आमच्या ओट्यावर पेशंटची माणसं बसतात, कोणी वणीचं, कोणी पुसदचं. एक म्हातारी फोन हलवून राहिली, डोळे पुसून राहिली. खाली गेलो. "काय झालं वं माय?"

"भाऊ, कालपासून फोन बिघडला. मले वाचता येत नाही, म्हणून डॉक्टरचे कागद इथूनच फोनात पोराले दाखवते, तो दूर नोकरीवर. काल ऑपरेशनचा कागद होता, सही करू का नोको... तो वाचूनच राहिला होता अन् चेहरा गेला. सही अडली."

"फोन कोणाचा?"

"मालकाचा. शालिकराम नाव त्याइचं. आत बेडवर आहेत, नाकात नळी."

म्हणजे काल म्या ब्लॉक केला तो हाच फोन!

"अन् पासवर्ड कोणं दिला?"

"इथल्याच बाईनं. देवमाणूस! कागदावर लिहून देते. पण तिचा नवरा शंकेखोर आहे म्हणे, त्याले सांगू नोका."

आता शंका येईन का नाही... स्वतःवरच! धावत वर गेलो, ब्लॉक काढला, खाली येतो त पोराचा चेहरा आला होता. "माय, सही कर," एवढंच म्हणाला, अन् म्हातारी तशीच आत पळाली. शुक्रवारी ऑपरेशन झालं, माणूस वाचला.

यमुनाले म्हटलं, "काहून सांगितलं नाही वं?"

"तुमाले सांगितलं असतं त तुम्ही एकेकाचं आधार कार्ड मागितलं असतं!"

मिनलनं मग पाहुण्यांसाठी वेगळं नेट काढून दिलं, घरचं वेगळं, कुलूपबंद. अन् पाहुण्यांच्या पासवर्डची पाटी गेटवर कोणं लावली? म्या! आता दर दुपारी बेल... "काका, नेट स्लो आहे!" "काका, चेहरा अटकला!" अन् मी जेवता जेवता उठतो, डब्बा बंद करतो, चालू करतो. अहो, अडतीस वर्षं सरकारी ऑफिसात तक्रारीच्या खिडकीवर बसलो, "उद्या या" याच्याबिगर शब्द काढला नाही... अन् आता तेच म्हणायले जातो त लोक म्हणतात, "काही हरकत नाही काका, आम्ही इथंच बसून राहतो!"