पी-ई फक्त चार

हॅलो? बाबा? … हो, स्वानंदीच, अजून कोण असणार! टेकडीवर चढलात ना? टॉवर येतोय? … मग आधी सांगा, त्या कागदावर सही केली का? … अहो तोच, आणखी दोन वर्षं कॅम्पवर राहायचं, अर्धा पगार कंपनीच्या शेअरमध्ये… हो, हो… ऐका ना, करू नका!

मी चुकले, बाबा. … नाही, भागाकार बरोबर होता. शेअरचा भाव साठ, एका शेअरमागे कमाई पंधरा, भावाला कमाईनं भागलं की पी-ई, फक्त चार. म्हणून तर मागच्या फोनवर उड्या मारत म्हटलं, एकदम सस्ता आहे, घेऊन टाका! … पण आज वर्गात हेच बोर्डावर समजावत होते, पक्क्या टीचरसारखी, आणि मॅडम म्हणाल्या, "बेटा, ये कंपनी बेचती क्या है?"

… काय सांगणार? तुम्ही जंगलात ड्रिलिंग करता, तांबं शोधता. सापडलंय कुठे अजून! … ती कमाई जुनी जमीन विकल्याची होती. एकदाचीच. पुढच्या वर्षी शून्य. शून्यानं भागू कशी? … हसले ना सगळे. मी पण हसले. मग पाणी प्यायला गेले, ती बेल होईपर्यंत तिथेच उभी.

… काय? तुम्हाला माहीत होतं? … मतलब, मी अर्धा तास पी-ई शिकवत होते, तेव्हा पण? मग टोकलं का नाही?

… हं. … हो, एरवी मी "जेवलात का" विचारून फोन ठेवून देते. खरंय.

… आणि सही? … सकाळीच?

… नाही हो, रडत कशाला… पंखा आवाज करतोय. … आई राजवाड्याजवळ, दुकानात. आठला येईल. … हो, पोहे केलेत. एकटीपुरते करायचे म्हटलं तरी कढईभर होतात.

बरं ऐका, मॅडमनी दुसरी रीत सांगितली. अशा कंपनीचा पी-ई बघायचाच नाही. जमिनीखाली काय निघू शकतं ते बघायचं, आणि बँकेत किती उरलेत, महिन्याला किती जातात… थांबा, रिपोर्ट उघडते. … अठ्ठावीस कोटी. महिन्याला दोन. … चौदा! बाबा, चौदा महिन्यांत पैसे खतम! दोन वर्षं नाहीच! चौदा महिन्यांत तुम्ही घरी!

… हो.

… हो, नोकरी पण जाईल. … सॉरी. … कळलं, तांबं लागलं तर नवे पैसे येतील, तुम्ही तिथेच. … हो, सगळे जीव तोडून शोधताय. कळलं ना.

बाबा… एक विचारू? खरं सांगायचं हं. तांबं नाहीच लागलं, तर तुम्हाला फार वाईट वाटेल का?

… हॅलो?

… बाबा? टेकडीवरच आहात ना?