एकोणसाठ

मनोरंजन पार्कच्या तिकिटांच्या रांगेत माझ्यापुढे एक टक्कल पडलेले गृहस्थ आणि त्यांची आई उभी होती.

"आई, पंचाहत्तरीच्या पुढे तिकीट फुकट आहे. वय विचारलं की खरं सांग."

"मी एकोणसाठ सांगणार."

"शहात्तर पूर्ण झालीत तुला! फुकट सोडून पूर्ण पैसे भरायचे?"

"भर. साठीच्या पुढच्यांना मनगटाला पिवळा पट्टा बांधतात आणि मोठ्या पाळण्यात घेत नाहीत. पाटी वाचलीये मी."

"तुला पाळण्यात बसायचंय?"

"मग काय, तुमच्या पिशव्या सांभाळायला आलेय?"

"अगं, म्हणूनच तर आणलं. लॉकरचे वेगळे पैसे पडतात."

"माहितीये."

"आणि एकोणसाठ कुणाला पटेल? मीच पन्नाशीचा दिसतो."

"तुला मिसरूड फुटलं तरी बसच्या अर्ध्या तिकिटासाठी मी तुला तीन वर्षं अकराचाच ठेवला होता. कंडक्टरच्या डोळ्याला डोळा भिडवून सांगायचे. तू मला एक दिवस एकोणसाठची ठेव."

तेवढ्यात त्यांचा नंबर आला.

"आजींचं वय?" खिडकीतल्या मुलीने विचारलं.

मुलगा खाकरला.

"एकोणसाठ," तो म्हणाला. "आणि लॉकर केवढ्याला आहे?"