गोचिडी हाताने काढून मिळतील

...नाही हो, चावत नाही तुमचा साहेब, नुसता गुरगुरतोय. तुम्ही फक्त कुत्र्याची मान धरा. साहेब, शहाण्यासारखं बसायचं — हं, असं. बघा, कानामागे आहे एक. गोचीड. एकच आहे, तोंड वाकडं करू नका. चिमट्याने कातडीला लागून धरायची, सरळ ओढायची, की गेली स्पिरिटच्या बाटलीत. आवाज नाही, काही नाही. पण मॅडम, लोकांना आवाज लागतो. आवाज नाही झाला तर त्यांना वाटतं काम नाही झालं. मग ते तिकडे जातात, समोर — ती पिवळी पाटी दिसते? ‘गोचिडी हाताने काढून मिळतील.’ माझ्या दादाचं दुकान. सख्खा भाऊ. बंद आहे सध्या. आजारी आहे म्हणे. असेल. आपल्याला काय करायचंय.

ती आमच्या वडिलांची पद्धत. दोन अंगठ्यांच्या नखांत धरायची आणि टच्. टच् आलं तर मेली, नाही आलं तर तू कामातून गेलास, असं म्हणायचे. कुत्र्यांचे केस कापणारी माणसं आम्ही, पण तोरा काय — सगळी अब्रू नखात. दादाने तर अंगठ्याचं नख असं जपलंय, वहिनी तेल लावते त्याला. एकदा दारात हात चेंगरला त्याचा, तर आधी नख बघितलं, मग रक्त. गिऱ्हाइकांपुढे पांढरं फडकं अंथरतो आणि त्यावर एकेक फोडतो. लोक मान डोलावतात. एक म्हातारे तर कुत्रं मेलं तरी यायचे, नुसते ऐकायला. मी शपथेवर सांगतो.

मी का सोडलं? ताप आला मला. नखाशेजारी चीर होती, फुटलेल्या गोचिडीतलं जे काय असतं ते त्यातून आत गेलं. चावली नव्हती हं, फक्त फोडली होती. डोकं असं दुखलं की भिंतीवर आपटावंसं वाटे, आणि मग मनगटावर, घोट्यावर लाल ठिपके. तेव्हाच्या डॉक्टरांनी हातावरूनच ओळखलं, विचारलं, धंदा काय करता. जंतू असतात म्हणाले, लवकर कळलं तर साध्या गोळ्यांनी जातात, उशीर झाला तर माणूसच जातो. तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही डॉक्टर. मान जरा इकडे घ्या त्याची.

तर मी बरा झालो आणि आगाऊपणा केला. भर दुकानात, दोन गिऱ्हाइकांसमोर दादाला म्हटलं, बाबा रे, नख मारू नकोस, चिमटा घे. गिऱ्हाइकं उठून गेली. दादा म्हणाला, बापाच्या धंद्याच्या गळ्याला नख लावलंस. त्याच संध्याकाळी माझी कात्री रस्त्यावर. मग मी इथे, तो तिथे, मध्ये रस्ता. सगळी गल्ली मला ‘चिमटेवाला’ म्हणते, नाव त्यानेच पाडलं. मुद्दाम दार उघडं टाकून फोडायचा — टच्, टच् — मला ऐकू जावं म्हणून. मी कात्री चालवतो, तो नख चालवतो. असा आमचा संवाद.

हो, दादा तुमच्याच दवाखान्यात आहे. खिडकीजवळची खाट. बरोबर, तोच, केशकर्तनवाला. — म्हणजे त्याने तसं लिहून दिलं का? केस कापतो म्हणाला? वा. माझा दादा खोटं बोलत नाही, मॅडम, तीच तर त्याची खोड आहे. कापतोच की केस. कोणाचे, ते तुम्ही विचारलं नसेल. घरात जनावर आहे का — नाही, घरात नाहीच. काही चावलं का — नाही, कधीच नाही चावलं. तुमचं काही चुकलं नाही, तुम्ही बरोब्बर विचारलंत, त्याने बरोब्बर उत्तरं दिली, आणि ताप मात्र उतरत नाही. का लपवतो? अहो, लोकांना कळलं की फोडता फोडता मालकच गेला, तर त्या पांढऱ्या फडक्यापुढे कोण उभं राहील? आणि मी खरा ठरेन. ते तर मरणाहून वाईट.

वहिनी सांगते मला, त्याच्यापासून लपून. तिला दम दिलाय — हा दवाखान्यात दिसला तर सलाइन उपटून घरी जाईन. जाईल तो. मी ओळखतो त्याला. म्हणून मी काही येत नाही, मी काही सांगत नाही, मी आपला कुत्र्याचे केस कापतोय. तुमच्याशी गप्पा मारतोय.

हं? — हो, फोन मीच केला. साहेबांचा नंबर परवाचा होता, मला माहीत आहे. जागा रिकामी झाली होती म्हणून बोलावलं. बाहेर तीन कुत्री बसलीत ती... ती बसू देत. दादाच्या अंगावर ठिपके आहेत का, मॅडम? वहिनी म्हणते कालपासून तळव्यांवर पण दिसताहेत. ती म्हणते डास असतील. तळव्यावर डास चावतात का हो?

...अहो, कुठे निघालात? पट्टा कशाला शोधताय — राहू दे कुत्रं इथेच. एका बाजूने मेंढी, एका बाजूने उंदीर झालंय ते, असं घेऊन वॉर्डात शिरू देतील का तुम्हाला? मी बघतो त्याच्याकडे. तुम्ही जा. आणि ऐका — माझं नाव काढायचं नाही. कोणी सांगितलं विचारलं तर म्हणा, कुत्रा बोलला. विश्वास ठेवेल तो, माझ्यापेक्षा कुत्र्यावर त्याचा कधीही जास्त विश्वास.

जा ना आता. दार ओढून घ्या, केस उडताहेत.